चौथ्या चाकाचा नट

नाथाजीच्या थोरल्या नातीचं, सृष्टीचं, लग्न आष्ट्यात ज्या वर्षी झालं ते दोन हजार चोवीस साल. लग्नात नाथाजी खुर्चीवर बसून आल्यागेल्याला हात जोडत होता. पाचपरतावण उरकलं आणि त्यानं अंथरूण धरलं ते धरलंच. त्याचा धाकटा भाऊ जोतीराम साताऱ्याला राहायचा. फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात उभी नोकरी काढून सुभेदार होऊन आलेला, एकोणऐंशी वर्षांचा गडी. मार्च महिन्यात त्याला सांगलीहून फोन आला.

"काका, मी अपूर्वा. विष्णुपंत वकिलांची नात. आजोबांची लाल गाडी आठवते का तुम्हाला?"

जोतीरामनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांत त्या गाडीबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"आठवती की," तो म्हणाला.

"मग एकदा विश्रामबागला या. कागद जुळवतेय. तुमची एक सही पाहिजे."

गुरुवारी सकाळच्या एसटीनं तो निघाला. कराड गेलं, पेठनाका गेला, आष्ट्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. भावाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, पण तो उतरला नाही. खिडकीकडं पाठ करून बसून राहिला.

अपूर्वाच्या बंगल्यामागं पत्र्याची शेड होती. तिनं ताडपत्री ओढली. लांब नाक, दोनच माणसांपुरती जागा, तारेची चाकं. लाल रंग उडून विटेसारखा झाला होता. जोतीराम दारातच थबकला.

"आत या की. चावत नाही ती," अपूर्वा हसून म्हणाली.

तिनं चार वर्षं या गाडीचा माग काढला होता. जाडजूड फाईल तिनं बॉनेटवर ठेवली आणि एकेक पान उलटत गेली. इटलीतल्या एका लहानशा कारखान्यात पंचावन्न साली गाडी तयार झाली. जहाजातून मुंबईला उतरली. कोयनेच्या कामावर आलेल्या एका इटालियन इंजिनिअरनं ती आणली होती. तो पाटणच्या रस्त्यानं ती अशी पळवायचा की बैलगाडीवाले लांबूनच धूळ बघून बाजूला व्हायचे. एकोणसाठ साली तो मायदेशी गेला आणि गाडी विष्णुपंत वकिलांनी घेतली. साठ साली कोल्हापुरातल्या शर्यतीत दुसरा नंबर. एकसष्ट साली साताऱ्याला, यवतेश्वराच्या घाटात पहिला.

"आणि हे बासष्ट," अपूर्वा म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "त्याच घाटात, दसऱ्याच्या दिवशी. तिसऱ्या वळणावर डावं मागचं चाक निघालं. आजोबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शर्यत भरवणाऱ्यांच्या रजिस्टरात कारण लिहिलंय. मेकॅनिक नाथाजी याचा हलगर्जीपणा."

जोतीरामनं डाव्या मागच्या चाकाकडं बघितलं.

"मी नट तपासून घेतलाय, काका. एक आटा तुटलेला नाही. म्हणजे तो फिरत फिरत सुटला. या चाकांना मधे एकच मोठा नट असतो ना? सरावाची फेरी झाली की तो तांब्याच्या हातोडीनं पुन्हा ठोकून घट्ट करायचा. चौथा ठोकलाच नव्हता."

"व्हय," जोतीराम म्हणाला.

"ते काम नाथाजींचंच होतं ना?"

"गाडी त्येच्याच ताब्यात असायची."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते तोंडातून सहज निघालं.

"मग इथं सही करा. त्या दिवशी हजर असलेले तुम्ही आणि ते, दोघंच उरलात. त्यांना या वयात त्रास द्यायला नको वाटलं. उद्या संध्याकाळी फाईल इटलीला जाणार. तिकडच्या जुन्या गाड्यांच्या नोंदवहीत एकदा चढलं की कायमचं."

जोतीरामनं पेन घेतलं. 'जो' एवढं अक्षर काढलं आणि हात थांबला. डोळ्यांसमोर चाक नव्हतंच. झेंडूचं फूल होतं.

खंडेनवमीची दुपार, सरावाची फेरी नुकतीच झालेली. साताऱ्याच्या गॅरेजमध्ये सतरंजीवर हत्यारं मांडायची गडबड चाललेली. नाथाजी पेट्रोलचे डबे आणायला कराडला निघाला होता. जाताना ओरडून गेला, "जोत्या, पूजेआधी चारी नट ठोकून घे रं!" सतरा वर्षांच्या जोतीरामनं तीन ठोकले. तेवढ्यात वकिलांच्या घरून हाक आली, नारळ आणि झेंडू आणायला. बाजारातून परत येतोय तर पूजा झालेली. तांब्याची हातोडी सतरंजीच्या मधोमध, हळदकुंकू लावलेली, वर फूल. पुजलेलं हत्यार उचलायचं कसं? त्यानं मनाशी म्हटलं, सकाळी उचलू. सकाळी सात वाजता गाड्या रांगेत लागल्या, आणि उत्तरपूजा अजून व्हायची होती. एवढं टिकंल, असं त्याला वाटलं. ते टिकलं नाही.

"काका?" अपूर्वा म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"दादाला भेटून येतो. मग करतो सही."

"उद्या संध्याकाळपर्यंत, काका. त्यापुढं मी थांबू शकत नाही."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्या अर्धवट अक्षराकडंही तिनं बघितलं.

आष्ट्यात पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. नाथाजी खाटेवर होता. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. बनुबाई, त्याची बायको, दारात शेंगा निवडत बसली होती.

"या, सुभेदार," ती म्हणाली. "भाऊ मराय टेकल्यावर वाट सापडली व्हय?"

"वैनी, जरा दादाशी बोलायचं हाय."

"बोला की. मी काय कान कापून ठेवू?"

जोतीराम खाटेच्या कडेला बसला. भावाचा हात हातात घेतला. हाडं आणि कातडं.

"दादा, वकिलाची नात गाडीचा इतिहास लिवतीया. तुजं नाव घालतीया त्यात. हलगर्जीपणा म्हणून."

"घालू दे की." नाथाजीला वाक्यागणिक दम लागत होता. "नवीन काय हाय त्यात?"

"चौथा नट मी ठोकला न्हवता."

बनुबाईचे हात शेंगांवर थांबले.

"हातोडी पूजेत व्हती. मी न्हाई उचलली. तुला सांगितलं बी न्हाई."

नाथाजीनं डोळे मिटले. मग म्हणाला, "म्हाईत हाय मला."

"काय?"

"वकिलास्नी दवाखान्यात पोचवलं आन् गॅरेजात आलो. हातोडी तशीच. कुंकू हललेलं न्हाई, फूल जाग्यावर. पूजेआधी ऱ्हायला तो मागनं बी ठोकला न्हाईस, तवाच कळलं. पोलीस यायच्या आत धुऊन टाकली मी, आन् गप बसलो." त्यानं श्वास घेतला. "तू सतरा वर्साचा व्हतास. तुला आत टाकला असता."

जोतीरामला वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल. ते छातीवर आणखी दाबून बसलं. आपण एकट्यानं लपवलं असं तो धरून चालला होता. लपवलं दोघांनी होतं, आणि भोगलं एकानं.

शेंगांचं सूप आदळल्याचा आवाज झाला. बनुबाई उभी राहिली होती. ऐंशी वर्षांची बाई, पण आवाज आख्ख्या गल्लीत गेला.

"आन् मी? मला कुणी इचारलं?" ती नवऱ्याकडं वळली. "साताऱ्यात एका गॅरेजात उभं करीनात तुमास्नी. माज्या बापाच्या दारात आणून बसवलं मला. कारखान्याच्या काट्यावर वाचमेन झालासा. पाय तोडणाऱ्याची बायकू म्हणायचे मला पाण्याला गेल्यावर! माज्या पोरीची सोयरीक मोडली त्या नावापायी. आन् तुमी दोघं भाऊ गप?"

"बने…" नाथाजी म्हणाला.

"बने न्हाई आन् फिने न्हाई." तिनं बोट जोतीरामकडं केलं. "भावजी, लावा फोन त्या पोरीला. माज्यासमोर लावा."

"नको रं," नाथाजी कसाबसा म्हणाला. "म्हातारपणी तुज्या नावाला कशाला? पोरंबाळं हायत तुला."

जोतीराम फोन धरून बसला. साताऱ्यात त्याला लोक सुभेदारसाहेब म्हणायचे. गणपतीला आरतीचा मान त्याचा असायचा. त्याचा नातू विश्वजित आजोबांचं नाव सांगून भरतीची तयारी करत होता. त्यानं भावाकडं बघितलं नाही, बनुबाईकडं बघितलं. मग नंबर दाबला.

"अपूर्वाताई, ते पान खोडा. हलगर्जीपणा नाथाजीचा न्हाई. माजा हाय." आणि त्यानं नारळापासून हातोडीपर्यंत सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता.



"माझ्या आजोबांनी मरेपर्यंत नाथाजींचं नाव घरात काढू दिलं नाही," अपूर्वा म्हणाली. "तुम्ही साठ वर्षं काय करत होता, काका?"



दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः आष्ट्याला आली. नवं पान टाईप करून आणलं होतं. त्याखाली जोतीरामनं पुरी सही केली. बनुबाईनं पोरीला पाणी दिलं, गूळशेंगदाणे दिले. जोतीरामपुढं तांब्या ठेवला नाही.

अपूर्वा खाटेजवळ बसून नवं पान वाचायला लागली, तर नाथाजीनं हात हलवून तिला थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे. एकसष्टचं वाच. पैल्या नंबरचं."

तिनं पानं उलटली. "यवतेश्वर घाट, वर्ग दुसरा, प्रथम क्रमांक. वेळ चार मिनिटं अकरा सेकंद."

"अकरा?" नाथाजी उशीवरून मान उचलायला बघत होता. "नऊ! घड्याळ माज्या हातात व्हतं. नऊ सेकंद, पोरी!"

"रजिस्टरात अकरा आहे."

"रजिस्टर चुकलंय. लिव, नऊ."

तिनं पेन काढलं आणि समासात लिहिलं की मेकॅनिक नाथाजी यांच्या सांगण्याप्रमाणे नऊ सेकंद. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. फाईल संध्याकाळी गेली.

जोतीराम आष्ट्यातच राहिला. बनुबाई त्याला ताट वाढायची, पण बोलायची नाही. त्यानंही बोलायला लावलं नाही. सकाळ-संध्याकाळ तो भावाची कूस बदलायचा, अंग पुसायचा.

नाथाजी मंगळवारी, दोन एप्रिल दोन हजार चोवीसला, सकाळी सव्वानऊच्या सुमाराला राहत्या घरी वारले. त्यांचं वय सत्त्याऐंशी होतं.