कोंबडीच्या पायातला खडा

त्या रविवारी सकाळी दिवा गावातल्या चाळीत पाण्याचा टँकर आला आणि हंडा घेऊन कोणीही धावलं नाही. खरं तर चमत्कार म्हणायचा तर हाच. पण लोकांना दुसरा बघायचा होता. सगळी चाळ मागच्या मंडपात, माणसाचा आजार कोंबडीवर उतरवणाऱ्या खडेबाबांपुढे दाटीवाटीने बसली होती.

उत्तरा अगदी मागे उभी होती. ती जनावरांची डॉक्टर. कोलशेतच्या तिच्या दवाखान्यात विमलाबाई साफसफाई करतात. आदल्या दिवशी फरशी पुसता पुसता त्या सहज बोलून गेल्या होत्या, की नवऱ्याच्या पायाची जखम चिघळलीय, पण बाबांनी शुगरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यात. ते ऐकल्यापासून उत्तराला चैन नव्हतं.

"पू पाण्यासारखा वाहतो, बाळांनो," बाबा सांगत होते. "मी त्याचा दगड करतो!"

विमलाबाईंचे यजमान, दौलत, पुढ्यात पाय पसरून बसले होते. बाबांनी टोपलीतली एक कोंबडी त्यांच्या पायावरून सात वेळा फिरवली, काहीतरी पुटपुटले आणि तिचा तळवा चिरला. रक्त जेमतेम थेंबभर आलं. आतून निघाला वाटाण्याएवढा पिवळा, कोरडा खडा. टाळ्या पडल्या. शेजारच्या हौसाबाईंनी तर तो कपाळाला लावला. दौलतचा पाय होता तसाच होता, पण तिकडे कोणी बघत नव्हतं.

"दुखायचं थांबलं ना?" बाबांनी विचारलं.

"दुखत तर आधीपण नव्हतं," दौलत प्रामाणिकपणे म्हणाले.

"बघा! यायच्या आधीच गुण!"

उत्तरा पुढे आली. "बाबा, टोपलीत अजून तीन कोंबड्या आहेत. त्यांच्यावर कोणाचा आजार उतरवलाय?"

"कोणाचाच नाही. त्या कोऱ्या आहेत."

"मग एक द्या मला."

"शंका घेणाऱ्याचं घर बसतं, बाई!"

"माझं घर भाड्याचं आहे. कोंबडी द्या."

तिने टोपलीतली एक कोंबडी स्वतःच उचलली आणि उलटी धरली. तळव्यावर काळी खपली होती. ती तिने आधी विमलाबाईंना दाखवली, मग हौसाबाईंना. बॅगेतून इंजेक्शन काढून पाय बधिर केला, स्वच्छ ब्लेडने खपली उचलली. तसाच पिवळा खडा बाहेर आला.

"हा कोणाचा आजार?"

बाबांनी घसा खाकरला. "हा... पुढच्या रविवारी येणाऱ्या भक्ताचा. आगाऊ."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कोणालाच आवरेना.

"हा पूच आहे," उत्तरा म्हणाली. "कोंबडीचा पू असाच असतो. जखमेत जंतू शिरले की आपल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, लढतात, मरतात. त्यांच्यात हा गाळ पातळ करणारी द्रव्यं असतात, म्हणून आपला पू वाहतो. पक्ष्यांच्या पेशींत त्यातलं एक महत्त्वाचं द्रव्य नसतं. गाळ तिथेच घट्ट होतो, पनीरासारखा. पिंजऱ्याच्या तारेवर उभं राहून कोंबड्यांचे पाय असे होतात. या कुठून आणता, बाबा?"

"शीळफाट्याच्या पुढे पोल्ट्री आहे," बाबांऐवजी त्यांचा रिक्षावालाच बोलला. "लंगड्या कोंबड्या बाजूला काढतात, त्या."

विमलाबाई हसल्या नाहीत. "म्याडम, मग यांचा पाय?"

उत्तरा खाली बसली. जखमेभोवतीची दोन बोटं काळी पडली होती. "शुगरने नसा बधिर झाल्यात, म्हणून दुखत नाही. हे चांगलं लक्षण नाही, विमलाबाई. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात निघायचं."

"मीच यांना गोळ्या बंद करायला लावल्या ओ," विमलाबाई म्हणाल्या आणि तिथेच रडू लागल्या. दौलतनी त्यांच्या खांद्यावर हात टेकला आणि त्यांच्याच आधाराने ते उठले.

दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. बाबांविरुद्ध पोलिसात तक्रार विमलाबाईंनी स्वतः लिहून दिली. कोंबड्या उत्तराने दवाखान्यात नेऊन बऱ्या केल्या.

कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारावं, की चमत्काराच्या आधी तिथे काय होतं. उलटून बघायला हात लागतात, सिद्धी लागत नाही. आणि आजार माणसाचा असेल, तर माणसांच्या डॉक्टरकडे जावं.