पुंजारामचा वाडगा

बाळांनो, एक मासा डोळ्यांपुढे आणा. तुमच्या घराच्या दारापेक्षा मोठा. त्याचे खवले स्टीलच्या ताटल्यांचे, शेपटी सायकलच्या मडगार्डची, पर मोडक्या पंख्याच्या पात्यांचे. आणि डोळा म्हणजे एक पालथा पितळी वाडगा, चिंचेने घासून लखलखीत केलेला.

गोदावरीला मोठा पूर आला, त्यानंतर नाशिकमधल्या नदीकाठच्या एका वस्तीतल्या मुलांनी हा मासा केला. पाणी ओसरल्यावर चिखलातून निघालेली भांडी बुद्धविहाराच्या ओट्यावर मांडली होती. ज्याची त्याने ओळखून न्यावीत, असं ठरलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घातलेलं असतंच. चैताली आणि तिचे सोबती ती नावं वाचून घरोघर भांडी पोचवत होते.

या वाडग्यावर नाव होतं, ‘पुंजाराम सोनू गांगुर्डे, विंचूर’. वस्तीत पुंजाराम कोणीच नव्हता. विंचूरला ओळखीतून विचारलं, तर तो माणूस केव्हाच वारल्याचं कळलं. त्यामुळे वाडगा बेवारस ठरला.

अशा उरलेल्या भांड्यांचा प्रदर्शनासाठी मासा करू या, असं चित्रकला शिकवणाऱ्या अश्विनदादाने सुचवलं. वेल्डिंगवाल्या सहादूकाकांनी सांगाडा जोडून दिला. डोळ्याचं काम चैतालीचं. तिने वाडग्याच्या तळाला भोक पाडून घेतलं आणि बोल्ट आवळून तो बसवला. मासा आपल्यापेक्षा खात्यापित्या घरचा दिसतो, असं अश्विनदादा म्हणाला, तेव्हा पुरानंतर पहिल्यांदाच सगळी मुलं हसली.

मासा प्रदर्शनाला निघायचा होता, त्याच सकाळी सुलाबाई आल्या. पुरात त्यांची वस्तीतली खोली गेली, तेव्हापासून त्या ओझरला मुलाकडे राहत होत्या. आपलं काही उरलं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं, म्हणून भांडी बघायलाही त्या आल्या नव्हत्या. माशाभोवती फिरता फिरता त्या डोळ्यापाशी थांबल्या आणि वाडग्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

“आजी, तुम्ही ओळखता यांना?” चैतालीने विचारलं.

“माझा भाऊ. माझ्या लग्नात दिला होता.”

लग्नात भांडं देणारा त्यावर स्वतःचं नाव घालून देतो, हे चैतालीला ठाऊक नव्हतं थोडंच! ती रोज जेवायची त्या ताटावर तिच्या मामाचं नाव होतं. तरी पुंजारामचा वाडगा पुंजारामचाच, असं धरून ते सगळे त्यालाच शोधत बसले होते.

सुलाबाई सांगत होत्या, भावाचा एकच फोटो होता, तोही पाण्यात गेला. मग त्यांनी पदराने वाडग्यावरचे बोटांचे ठसे पुसले.

“राहू दे पोरी. काढलास तर मासा आंधळा व्हायचा.”

टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. अश्विनदादा चैतालीकडे नुसता बघत उभा राहिला. तिने पाना उचलला, माशाच्या तोंडातून हात आत घातला आणि नट सोडवला. वाडगा हातात आला. तळाच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. सुलाबाईंनी दोन्ही हात पुढे केले, पण चैतालीने वाडगा दिला नाही.

“जरा बसा आजी,” एवढंच म्हणून तिने तो छातीशी धरला आणि ती सहादूकाकांच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे पळत सुटली.