डाव्या डोळ्याचा चमत्कार

तसबिरीतल्या म्हातारीने पापणी लववली आणि सभागृहातल्या दोनशे माणसांचा श्वास एकदम अडकला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. पुढे कुणीतरी हुंदका दिला.

"बघितलंत?" तसबीरबाबांनी पांढरे हातमोजे घातलेले हात पसरले. "हा कागद नाही, हे घर आहे! तुमची माणसं गेली नाहीत हो. फक्त सपाट झाली आहेत!"

लोकांना हेही पटलं. पटायला वेळ लागत नाही, रडू आलेलं असलं की कुठलंही वाक्य पटतं.

सभेची रीत ठरलेली होती. दारात फोटो द्यायचा, सोबत एक कागद भरायचा: गेलेल्याचं नाव, नातं आणि हो किंवा नाही असं उत्तर येईल असा एक प्रश्न. फोटो अर्धा तास आत 'शुद्धीला' जायचा. मग तो जाड लाकडी चौकटीत, काचेआड, भिंतीवरच्या मखमली पडद्यासमोर प्रकट व्हायचा. माणूस पापण्या लववायचा, हसायचा आणि मान हलवून उत्तर द्यायचा. काचेला हात लावायला बंदी. म्हणे तेज सहन होत नाही.

मी हे सगळं आधी फोनवरच बघत होते. माझा फोटो स्टुडिओ आहे आणि हौसेने मी 'आठवणींची पेटी' नावाचा जुन्या फोटोंचा ग्रुपही चालवते. हौस कसली, विकतचं दुखणं. जुने फोटो आणि गमतीच्या जुन्या चिजा टाकाव्यात, एवढाच नियम. प्रत्यक्षात रोज सकाळी चाळीस गुलाब, दर आठवड्याला तीच दोन तोंडांची गाय, आणि 'हा फोटो अकरा जणांना पाठवा, नाहीतर बघा' असल्या धमक्या. महिनाभर मात्र गुलाबही मागे पडले होते. जिकडेतिकडे बाबांच्या सभेतले व्हिडिओ.

मी वीसेक पाहिले आणि मला हसू आलं. कुणाचे आजोबा, कुणाची सासू, कुणाचा धाकटा भाऊ, पण सगळे आधी जरासे उजवीकडे बघायचे, दोनदा पापण्या लववायचे आणि ओठाचा डावा कोपरा वर करून हसायचे. परलोकात एकाच मास्तरांनी कवायत घेतल्यासारखे. जन्मभर चेहरेच दुरुस्त करत बसलेल्या बाईच्या नजरेतून हे सुटत नाही.

मी तेवढ्यावर सोडून दिलं असतं. पण सोमवारी माझी आत्या सभेला जाऊन आली.

आत्याच्या गळ्याशी गाठ होती. सर्जनबाईंनी गुरुवारची तारीख दिली होती आणि बजावलं होतं, "आत्ता काढली तर फारशी चिंता नाही. थांबलात, तर मला काही सांगता येणार नाही."

"ऑपरेशन रद्द," आत्या चपला काढता काढता म्हणाली. "यांनी स्पष्ट नाही म्हटलं."

"कुणी?"

"तुझ्या आतोबांनी! माझ्याकडे बघितलं, हसले आणि मान हलवली. बाबांनी तेल दिलंय. चाळीस दिवस चोळायचं."

मी फोन काढला, एक फुकट मिळणारं अ‍ॅप उतरवून घेतलं, समोरच्या कापड दुकानाच्या काचेतला साडी नेसलेला पुतळा टिपला आणि बटण दाबलं. पुतळ्याने उजवीकडे बघितलं, पापण्या लववल्या, गोड हसून मान डोलावली.

"बघ, याच्यात एका माणसाची हालचाल आधीच भरून ठेवलेली असते. ती कुणाच्याही चेहऱ्यावर चढवता येते. दगडाच्यासुद्धा."

"तुझा तो खेळ झाला," आत्या तुटकपणे म्हणाली. "बाबांकडे फोन नव्हता, भिंतीवर तसबीर होती. आणि तू काय, आयुष्यभर लोकांच्या सुरकुत्या पुसत आलीस. तुला सगळंच खोटं दिसणार."

हा टोला मला लागला, कारण तो खरा होता.

आतोबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. मला ते माहीत होते ते त्या एका फोटोतूनच: चष्मा, नीट भांग, शांत नजर. तो माझ्या वडिलांनी काढला होता. मंगळवारी मी त्यांच्या पेट्या उपसल्या. मूळ निगेटिव्ह मिळाली तर स्वच्छ प्रत काढून आत्यासमोर तोच चमत्कार करून दाखवावा, असा माझा बेत होता. निगेटिव्ह मिळाली. पाकिटावर वडिलांच्या अक्षरात सूचना होती: 'डावा डोळा उघडा करणे.'

मी ती उजेडावर धरली आणि तशीच आत्याच्या घरी पळाले. भिंग तिच्या हातात दिलं. चष्म्याच्या डाव्या काचेमागे पापणी मिटलेली होती, आत खोल गेलेली.

आत्याने निगेटिव्ह खिडकीशी नेऊन पुन्हा बघितली.

"अगं बाई," ती म्हणाली. "यांना डावा डोळा नव्हताच की. दुरुस्ती करताना घड्याळाची स्प्रिंग उडून लागली होती. लग्नाआधीच. दादा म्हणाला, फोटोत बरं दिसत नाही, आणि प्रिंटवर बारीक ब्रशने डोळा काढून दिला." तिने भिंग खाली ठेवलं. "चाळीस वर्षं तो फोटोच बघतेय. मी विसरलेच गं. त्यांचा चेहरा विसरले मी."

मला तिचं फार वाईट वाटलं. वडिलांचा थोडा रागही आला.

बुधवारी ती माझा हात धरून सभागृहात गेली. परत एकदा विचारायचंय, एवढंच तिने दारात सांगितलं. अर्ध्या तासाने आतोबा चौकटीत प्रकट झाले, उजवीकडे बघितलं आणि दोन्ही पापण्या लववल्या. माझ्या वडिलांच्या ब्रशने काढलेला डोळा ऐटीत उघडमीट करत होता.

"बाबा," आत्या उभी राहिली. "यांना डावा डोळा नव्हता. हा कुठून आला?"

सभेत चुळबुळ सुरू झाली. बाबा जराही डगमगले नाहीत. "माउली, परलोकात सगळे अवयव परत मिळतात!"

"मग चष्मा कशाला लागतो?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्या वेळात मी व्यासपीठावर चढले आणि काचेवर बोट टेकवलं. तेजबीज काही लागलं नाही. आतोबांच्या कपाळावर एक चौकोन उघडला: 'अ‍ॅप आवडलं? पाच तारे द्या.' सगळं सभागृह ते वाचत होतं. चौकट भिंतीवरून उचलली, तर मागे चार्जरची वायर लोंबत होती. लाकडात टॅबलेट बसवला होता. फोटो आत स्कॅन व्हायचे आणि हो म्हणायचं की नाही, ते दारातला कागद वाचून ठरायचं. उत्तर 'नाही' असं आलं, की तेल खपायचं.

बाबा बोलत राहिले, पण ऐकायला कुणी नव्हतं. लोक आपापले फोटो मागायला आतल्या खोलीकडे धावले होते.

त्या संध्याकाळी आत्याने माझ्याकडून निगेटिव्हची नवी प्रत काढून घेतली. काही काढायचं नाही, काही पुसायचं नाही, अशी ताकीद देऊन. मिटलेल्या डोळ्याचे आतोबा तिने दोन्ही हातांत धरले.

"हेच ते," ती म्हणाली. "आता विचारायचं काही नाही. उद्या किती वाजता निघायचं?"

गाठ निघाली. अहवाल चांगला आला. त्या दिवशी मी ग्रुपवर जे लिहिलं, तेच इथे लिहिते. आपल्या माणसांचे फोटो जरूर जपा. त्यांच्याकडे बघून रडा, हसा, भांडासुद्धा. मात्र फोटो बोलायला लागला, तर आधी चौकट उचलून मागे काय आहे ते बघा. आणि आजाराचा प्रश्न डॉक्टरलाच विचारा. आमचे आतोबा फार चांगले होते, पण ते घड्याळजी होते. गाठीतलं त्यांना जिवंतपणीसुद्धा काही कळत नव्हतं.