ज्याचा आवाज मोठा

त्या दिवशी सोफेवाल्याच्या खिशात पंधरा हजार होते आणि त्याला एका जागी बसवत नव्हतं. हातोडी उचलायची, घड्याळ बघायचं, हातोडी ठेवायची. दारापर्यंत जायचं, गल्लीत डोकावायचं, परत यायचं. सकाळपासून एका खुर्चीला चार खिळे मारून झाले होते, त्यातले दोन वाकडे.

माणूस हाडाचा कारागीर, पण देण्याघेण्यात अगदीच शेळपट. सोफेदुरुस्तीचं दुकान थाटताना त्याने तिघांकडून पैसे उचलले होते, आणि फेडायची त्याची एकच रीत होती: जो जास्त ओरडेल त्याला आधी. फोमवाला टेबल आपटायचा, त्याला मिळायचे. पतपेढीचा वसुलीवाला भर गल्लीत उभा राहून याचा उद्धार करायचा. गल्लीने त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. त्याला तर सगळ्यांच्या आधी मिळायचे. आणि मोठी बहीण? तिने रफूची कामं करून साठवलेले तीस हजार याच्या हातावर ठेवले होते, पण ती कधी ब्र काढायची नाही. म्हणून दोन वर्षांत तिला छदाम मिळाला नव्हता. "ताई काय, घरचीच आहे," एवढं म्हटलं की हा मोकळा. काय म्हणावं आता अशा माणसाला!

पण उद्या ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोनदा तारीख पुढे गेली होती, दोन्ही वेळा पैशांपायी. आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. रफू करणारीचा डोळा गेला तर तिने करायचं काय? आज पाचच्या आत दवाखान्याच्या खिडकीवर पंधरा हजार भरायचे होते. सकाळी तिने फोन केला, "जमेल का रे?" हा म्हणाला, "बघतो." दहाच मिनिटांत भोंग्याचा फोन आला, "चार वाजता येतोय. पंधरा तयार ठेव, नाहीतर सगळी गल्ली गोळा करतो."

दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोने त्याच्या येरझाऱ्या बघितल्या आणि ती कडाडलीच. "आधी जा आणि ताईंना पैसे देऊन या. तो बोंबलेल तर बोंबलू दे."

"तुला काय जातंय बोलायला? गिऱ्हाईकं ऐकतात."

"ऐकू देत की! गिऱ्हाइकांना काय देणी नसतात?"

ती डबा आपटून निघून गेली. तो जेवलाच नाही. खिशावर हात ठेवून नुसता फिरत राहिला.

पावणेचारला पायऱ्यांवर पावलं वाजली. लवकर आला मेला! सोफेवाल्याने चौफेर बघितलं. पळायला मागचं दार नव्हतं. समोर तीन माणसांचा एक जुना सोफा विटांवर चढवून ठेवला होता. स्प्रिंगांवर नुसतं गोणपाट ताणलेलं, जुनं कापड कडेने जमिनीपर्यंत लोंबत होतं. त्याने मागचापुढचा विचार न करता सरळ सोफ्याखाली बुडी मारली.

पावलं आत आली, थांबली. मग वर कुणीतरी बसलं.

बसणाऱ्याचं वजन स्प्रिंगांवरून ओळखणं हे तर त्याचं पोटापाण्याचं कसब. भोंगा बसला असता तर स्प्रिंगा नाकाला टेकल्या असत्या. या जेमतेम दोन बोटं खाली आल्या. इतकं हलकं कोण?

"नाही रे, मामा नाहीये दुकानात," वरून आवाज आला. ताई फोनवर लेकाशी बोलत होती. "नको, तू त्याला फोन नको करूस. त्याच्यामागे काय कमी व्याप आहेत? दवाखान्यात सांग, पुढच्या महिन्यात बघू म्हणावं... अरे, दिसतंय की मला. एका डोळ्याने दिसतंय."

खाली सोफेवाला त्या दोन बोटं दबलेल्या स्प्रिंगांकडे बघत राहिला. एवढीशी झाली ही, आणि आपल्याला पत्ता नाही! बाहेर यावं तर कुठल्या तोंडाने? सोफ्याखाली काय करत होतास, या प्रश्नाला उत्तर काय होतं?

तेवढ्यात दारातून आवाज गडगडला. "कुठाय तो?"

भोंगाच. स्प्रिंगा वर गेल्या, ताई उठून उभी राहिली. तिची झिजलेली सँडल लोंबत्या कापडापाशी आली. तिने पायाने त्याची बाहेर राहिलेली चप्पल, पायासकट, हळूच आत ढकलली.

"तो नाहीये," ताई म्हणाली. "बाहेरगावी गेलाय. उद्या या."

जन्मात खोटं न बोललेली बाई ती. चप्पल तिला केव्हापासून दिसत होती, देव जाणे. खाली याच्या डोळ्यांना धार लागली.

"काही हरकत नाही," भोंगा म्हणाला. "मी बसतो इथेच."

ताई पायऱ्या उतरून गेल्याचं ऐकू आलं. भोंग्याने सोफ्याकडे पाठ केली आणि तो टेकणार, एवढ्यात खालून आवाज आला, "बसू नका! मी आहे खाली."

भोंगा हातभर उडाला. काथ्याने माखलेला सोफेवाला रांगत बाहेर आला आणि उभा राहिला.

"आज तुम्हाला मिळणार नाहीत. सोमवारी पाच हजार देतो, मग दर सोमवारी दोन-दोन. जमत नसेल तर तुमच्या साहेबांना येऊन भेटतो."

"आणि आज ओरडलो तर?"

"दारात उभे राहून ओरडा. इथून गल्लीत नीट ऐकू जात नाही."

आणि तो पळत सुटला. मागे भोंगा खरंच सुरू झाला. चोर काय, बुडव्या काय, काही बाकी ठेवलं नाही त्याने. दुकानादुकानांतून माणसं डोकावली. सोफेवाल्याने कुणाकडेच बघितलं नाही. गल्लीच्या टोकाला ताई भिंतीला हात लावत सावकाश चालली होती.

"ताई!"

भोंग्यापेक्षाही मोठा आवाज निघाला त्याचा. ताई दचकून वळली, आणि तिने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"ओरडतोस काय वेड्या! तो ऐकेल ना."

"ऐकू दे," तो म्हणाला आणि त्याने तिचा दंड धरला. "पाचला खिडकी बंद होते. चल."