हंबीररावांच्या गुडघ्यावरची जळू

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी जळू आहे. माझा जन्म धारच्या मुंज तलावातला. पुढचे आयुष्य देवासला, भगवंतशास्त्री वैद्यांच्या मडक्यात गेले. "ही धारची, हिचा हात हलका आहे," असे म्हणून शास्त्रीबुवा माझे कौतुक करीत.

तेव्हा देवासात एकाच राजघराण्याच्या दोन शाखांचे, थोरली पाती आणि धाकटी पाती असे, दोन दरबार नांदत होते. थोरल्या पातीचे सरदार हंबीरराव घोड्यावरून पडले आणि त्यांचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. शास्त्रीबुवांनी मला तिथे लावले. मी पोटभर रक्त प्यायले आणि गळून पडले. शास्त्रीबुवांनी पट्टी बांधली, "उघडू नका" असे बजावले आणि घाईघाईने सोनकच्छच्या रोग्याकडे निघाले. माझे मडके तिथेच विसरले.

माझ्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही. एरवी कातडी फाटली की रक्तातल्या रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट, धावून येतात. त्या हाडांच्या मज्जेत जन्मतात आणि जेमतेम आठ-दहा दिवस जगतात. जखमेच्या काठाला चिकटतात, एकमेकींना धरतात, आणखी जणींना बोलावतात. मग रक्तातच बारीक धाग्यांचे जाळे तयार होते, त्यात तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी धरते. माझ्या चाव्यावर हेच काम त्यांना फार सावकाश करावे लागते. त्यांना हवा असतो दाब आणि निवांतपणा.

निवांतपणा कुठला? समाचाराला थोरल्या पातीचे प्रतापराव आले. "बघू तर द्या, भिया!" ते माळवी थाटात भाऊ म्हणून लाडाने म्हणाले. पट्टी सुटली. नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर निघाली. पुन्हा बांधतात तोच धाकट्या पातीचे विश्वासराव हजर. थोरलीला दाखवलेली जखम धाकटीला न दाखवणे म्हणजे अपमानच! दिवसभर हेच चालले. गादी भिजली. हंबीररावांचे ओठ पांढरे पडले, आवाज खोल गेला. मला त्याचे काही वाटले नाही. जळूला रक्त वाहिल्याचे दुःख नसते.

दिवस कलताना धाकट्या पातीचे कारभारी भैयासाहेब आले. हंबीररावांनी हात पट्टीला घातला. तोच पडदा सारून त्यांच्या पत्नी राजाबाई बाहेर आल्या. परपुरुषासमोर त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांनी पट्टीवर तळवा दाबून धरला.

"आता खुद्द सरकार आले तरी ही उघडणार नाही."

"अहो, थोरल्या पातीला दाखवली आहे..." हंबीरराव पुटपुटले.

"मग थोरल्या पातीने रक्त भरून द्यावं!"

भैयासाहेब आल्या पावली परतले. राजाबाईंच्या हाताला मुंग्या आल्या, पण हात हलला नाही. मला त्या बाईचा आदर वाटला. दिवे लागले तेव्हा रक्त थांबले होते.

मित्रांनो, रक्त थांबवणाऱ्या पट्टिका तुमच्या आतच राबतात. त्यांना त्यांचे काम करू द्या. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, सारखी उघडून पाहू नका. तरीही थांबेना, तर डॉक्टरांना गाठा. माझ्यावर विश्वास ठेवा. तुमचे रक्त गोठण्यात माझा काडीचाही फायदा नाही.