देवदत्तच्या पोकळ चौकटी

इरावती, खिडकीची झडप तुझ्या पाळण्यात पडली त्या दुपारी तू भुकेने रडलीस म्हणून वाचलीस. तुला उचलून मी जेमतेम पलंगावर टेकले होते. मागे धाडकन आवाज झाला. वळून बघितलं तर तुझ्या दुपट्यावर काचाच काचा.

दहिसरच्या या घराला खिडक्या मीच निवडल्या होत्या. आजीला सागवान हवं होतं. मी म्हटलं, आई, सागवान पावसाळ्यात फुगेल, वाळवी लागेल. लोखंडाला खाडीचा वारा खातो. ॲल्युमिनियम टिकाऊ, पण आपलं घर पश्चिमेचं, दुपारी तव्यासारखं तापेल, आणि तू तर हाताला लागेल ते धरून उभी राहणार. म्हणून यूपीव्हीसी. पांढरं प्लॅस्टिक, तापत नाही, गंजत नाही. फक्त आत पोलादी पट्टी हवी, नाहीतर आपल्या उन्हात ते वाकतं.

काम देवदत्तला दिलं. तुझ्या बाबाचा मामेभाऊ, आजीचा लाडका भाचा. त्याने नमुन्याच्या तुकड्यावर चुंबक चिकटवून दाखवलं. "बघा वहिनी, नुसत्या प्लॅस्टिकला चिकटेल का? आत पट्टी आहे. एकदम झकास माल." आमच्या खिडक्या बघून ए विंगमधल्या बऱ्याच जणींनी त्यालाच काम दिलं.

ऑक्टोबरच्या उन्हात चौकट धनुष्यासारखी वाकली आणि बिजागरी सुटली.

संध्याकाळी देवदत्त आला. तुझ्याकडे बघितलंही नाही. "वहिनी, तुम्ही आपटता ना खिडकी. आणि प्लॅस्टिकचा हट्ट कुणाचा होता?"

आजी म्हणाली, "मी तेव्हाच सांगलंय, सागवान घेवा. माझो भाचो काय करतलो?" बाबा मान खाली घालून काचा वेचत राहिला. दुसऱ्या दिवशी दूध आणायला खाली गेले तर लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून शेजारच्या दोघी गप्प झाल्या. त्यांच्या लेखी नेटवर बघून प्लॅस्टिक बसवणारी आणि पोरीच्या जिवावर उठलेली आई ती मीच.

वर आले आणि तुटलेली झडप उलटी केली. कोपरा फुटला होता. आत पट्टी नाही, काही नाही, नुसती हवा. फ्रिजवरचं चुंबक काढून एकेका खिडकीला लावलं. प्रत्येक ठिकाणी ते घसरून खाली आलं.

ओरडले असते तर आजी रडली असती, देवदत्तने हात जोडले असते आणि तो सुटला असता. मला त्याला सुटू द्यायचं नव्हतं. संक्रांतीनंतर बी विंगचं अख्खं काम त्याला मिळणार होतं. ऊन उतरलं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणाची चौकट वाकणार नव्हती. तरी कुणाच्या खिडकीखाली मूल खेळताना दिसलं की मी त्याला हाक मारून बाजूला बोलवायचे.

मी फोन लावला. "भावोजी, चौकटीच्या आत काय आहे ते मी बघितलंय. घरातली गोष्ट घरात ठेवू. आमच्या तेवढ्या बदलून द्या."

आठवड्यात नव्या खिडक्या बसल्या, पट्टीवाल्या. जाताना तो हळूच म्हणाला, "वहिनी, बाहेर नका हं बोलू, प्लीज."

मी हसले. त्याला ते पुरलं.

मग तुझं बोरन्हाण आलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने. मुकुटाचा अर्धा हलवा तू चाटूनच संपवलास. पोरं बोरं वेचत होती, दोन्ही विंगच्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात मी वाण ठेवलं. मोराचं चुंबक, चांगलं दमदार.

"हे काय गं नवीन? लोक डबे देतात, गाळण्या देतात!" वरच्या मजल्यावरची कल्पिता हसली.

"खिडकीला लाव, छान दिसतं." मी माझ्या चौकटीला लावून दाखवलं. मोर टकदिशी बसला.

"अय्या, प्लॅस्टिकला?"

"आत पोलादी पट्टी असते ना. भावोजींनीच शिकवलं मला. घे तिळगूळ, गोड बोल."

थोड्याच वेळात कल्पिता परत आली. मोर मुठीत. "माझ्या एकाही खिडकीला बसत नाहीये." तिच्या मागे पद्मजा, मागे अजून तिघी. जिन्यात आवाज चढत गेले. मी तुझ्या केसांतले चुरमुरे वेचत होते.

"तुझ्याच कशा गं चांगल्या?" पद्मजाने विचारलं. ती बी विंगची सेक्रेटरी, तिथल्या खिडक्यांचं काम द्यायचं तिच्याच हातात.

"आधीच्या वाकल्या. एक हिच्या पाळण्यात पडली. मग बदलून घेतल्या."

पद्मजाने तुझ्या गालावरून हात फिरवला आणि फोन काढला.

बी विंगचं काम गेलं. ए विंगच्या बायका त्याच्या दुकानात जाऊन बसल्या. परवा तो घरी आला, दाढी वाढलेली. आजीने दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वहिनी, माझी वाट लावलीत. मी आपलाच ना?"

"सगळ्यांच्या बदलून द्या, भावोजी. मार्चच्या आत."

"देतो ना. पण पद्मजाताईंना एक शब्द सांगा. चुकलो मी."

बाबा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना आता. माफी मागतोय तो."

"माझी मागतोय. हिची?"

देवदत्तने तुझ्यापुढे हात पसरले. "ये गं चिमणे, काकाकडे ये."

तू वेडी, हसत झेपावलीस. मी तुला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्याने चपला घालेपर्यंत दार धरून उभी राहिले.