महिनाभराची धूळ

सुचित्राने घरात संगणक आणला तेव्हा मुक्ताबाईंनी नाक मुरडलं होतं. पण सून त्या पेटीत लिहिते आणि कुवेतभरचे भारतीय ते वाचतात, हे कळल्यावर त्यांच्याच अंगावर मूठभर मांस चढलं. सुचित्रा लिहायची मीना अब्दुल्लाच्या कारखान्यांकडून त्यांच्या फहाहील वस्तीवर येणाऱ्या धुराबद्दल. सहा वर्षांची नात स्वरा त्यानं हैराण झालेली. पोरीच्या छातीत मांजर घुरघुरावं तसं वाजायचं. पण लेक जयराम त्याच पट्ट्यातल्या कंपनीत इंजिनियर, म्हणून सुचित्राने खरं नाव कधी घातलं नाही.

दोन हजार साल नुकतंच लागलेलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं. कुणीशी म्हणाली, "ती धूरवाली कोण असेल हो? फार झोंबरं लिहिते!"

मुक्ताबाईंच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. "असेल कोण? आमची सुचित्रा! त्या मशीनवाल्या फातिमाबाईला गच्चीही तिनंच दिली."

फातिमा विद्यापीठात संशोधन करायची. धूळ मोजायचं यंत्र तिनं त्यांच्या गच्चीवर बसवलं होतं.

आठवडा गेला नाही तोच संगणकावरच्या ज्या फळ्यावर ती लिहायची, त्यावरच सुचित्राचं नाव आलं. पाठोपाठ इमारत आली, स्वराची शाळाही आली. खाली शिव्या. अक्षरं इंग्रजी, पण शिव्या अस्सल आपल्याकडच्या. खाल्ल्या मिठाला न जागणारी, म्हणे. पोर मरते तर मरू दे, आमच्या नोकऱ्या का खातेस, म्हणे. तिच्या अंगावरून, देवावरून लिहिलेलं तर सुचित्राने वाचूनच दाखवलं नाही. सासूला बोलही लावला नाही. तेच मुक्ताबाईंना जास्त लागलं.

कंपनीने जयरामला बोलावून सांगितलं, लिहिणं बंद, यंत्र खाली, नाहीतर खटला.

ओळखीचे वकील रियाज घरी आले. मुक्ताबाईंनी चहा पुढे केला आणि तोफ डागली. "काय हो, पोराबाळांचं नाव चव्हाट्यावर मांडणाऱ्याला पकडत नाहीत तुमच्या कायद्यात?"

"आजी, पकडायचं कुणाला? लिहिणाऱ्याचं नाव खोटं. आणि संगणकावरच्या शिवीला कलम कुठलं लावायचं, हे ठाण्यात कुणी सांगेना."

"आणि धूर? तो तर डोळ्याला दिसतो!"

"धुराला कायदा आहे. पण सलग महिन्याचे आकडे लागतात. फातिमाबाईंचं यंत्र मध्येच उतरवलं तर त्या धुळीला कोर्टात किंमत नाही."

"मग राहू दे की महिनाभर."

रियाजनी कप खाली ठेवला. "राहू दिलं तर कंपनी जयरामवरच बदनामीचा दावा लावेल. त्याला कलम तयार आहे. दावा संपेपर्यंत जयरामला देश सोडता येणार नाही, आणि कामही नसेल."

"म्हणजे कुत्र्याने चावायचं आणि साखळी आमच्याच गळ्यात! वा रे कायदा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराम पाना घेऊन गच्चीवर गेला. मुक्ताबाई धापा टाकत मागोमाग पोचल्या. समोर कारखान्याच्या चिमण्यांच्या तोंडून पिवळट धूर सरळ इकडेच येत होता.

"काढ बाबा, काढ. पण पोरीला माझ्याबरोबर गावी पाठव. तिकडे नातीला सांभाळायला तुझे नाना आहेत, आंब्याच्या कलमांची सावली आहे. श्वास तरी घेईल."

जयराम हातातला पाना उलटसुलट करत राहिला.

"अरे, तोंडात बोळा कोंबलाय का?"

"आई, तिचा पासपोर्ट नाही."

"नाही म्हणजे?"

"तिचं नाव माझ्याच पासपोर्टात चढवलंय. तूच म्हणालीस ना, लेक बापाच्या नावावर शोभते, वेगळा कशाला? आणि माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. कालच मागितला. म्हणाले, आधी यंत्र उतरव, मग बघू."

"आणि उतरवल्यावर देतील?"

"बघू म्हणाले."

मुक्ताबाईंनी आयुष्यात कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नव्हता. आता मात्र दोन्हीकडून पंचाईत. 'राहू दे यंत्र' म्हणावं तर लेक अडकतो. 'काढ' म्हणावं तर पोर याच धुरात, आणि धुराविरुद्ध बोट उचलायला पुरावा म्हणून काही उरत नाही. खालून घराच्या खिडकीतून स्वराचा खोकला ऐकू आला, मग सुचित्राने खिडकी लावून घेतल्याचा आवाज.

जयरामने पहिला बोल्ट सैल केला. तो ठेवायला त्याला जागा दिसेना.

मुक्ताबाई खाली बसल्या आणि त्यांनी पदर पसरला. "दे इकडे. वाऱ्यानं घरंगळतील."

एकेक बोल्ट पदरात पडत गेला.